आधी तिजोरीचा हिशोब मांडा, मग चार्ल्सकडे या

पत्र :

'मी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला राजा आणि पार्लमेंट यांच्यातला झगडा आम्हाला घटनात्मक इतिहासात आहे. नोट्स तीनदा काढल्या, तरी लिहायला बसले की उत्तराची चार्ल्सच्या शिरच्छेदाची गोष्ट होऊन जाते. मागच्या चाचणीत सरांनी खाली लिहिलं, "घटनाक्रम आहे, कारणमीमांसा नाही." शिवाय शिरच्छेद एका पुस्तकात १६४८ चा, दुसऱ्यात १६४९ चा. बिल ऑफ राइट्स कुठे १६८८, कुठे १६८९. आणि मला खरोखरच न उमगलेली गोष्ट म्हणजे, राजाला मारल्यावर अकरा वर्षांत त्याच्याच मुलाला परत का बोलावलं? उत्तर कुठे थांबवायचं, तेही सांगा.'
— एक वाचक, नांदेड

उत्तर :

सरांचा शेरा बरोबर आहे, पण तुम्ही अभ्यासात कमी पडलेल्या नाही. तुमची सुरुवातीची जागा चुकते आहे. तुम्ही माणसांपासून सुरुवात करता : हट्टी जेम्स, त्याचा अधिक हट्टी मुलगा चार्ल्स, मग पार्लमेंटचा सेनानी क्रॉमवेल. माणसांच्या स्वभावावर उत्तर उभं केलं की त्याची गोष्टच होणार. सुरुवात राजाच्या तिजोरीपासून करा.

त्याआधी एक समज दुरुस्त करून घ्या. त्या काळचं पार्लमेंट म्हणजे आपल्या संसदेसारखी कायम चालणारी संस्था नव्हे. राजाने बोलावलं की ती सभा भरायची आणि त्याने सांगितलं की उठायची. मधली पाच-सहा वर्षं पार्लमेंट भरलंच नाही, तर त्यात बेकायदा काही नव्हतं. राजाने शांततेच्या काळात आपल्या जमिनींचा महसूल, जकात आणि जुनी सरंजामी येणी यांवर भागवावं आणि युद्ध आलं तर पार्लमेंटकडे ज्यादा कर मागावा, अशी रीत होती. त्या ज्यादा कराला 'सबसिडी' म्हणत. आजच्या सबसिडीशी, म्हणजे सरकारी अनुदानाशी, तिचा काही संबंध नाही. ही गल्लत उत्तरपत्रिकेत फार दिसते.

ही व्यवस्था मोडत चालली होती, कारण सोळाव्या शतकभर किमती वाढल्या आणि राजाची ठरलेली येणी जवळपास तिथेच राहिली. एलिझाबेथने युद्धखर्चासाठी राजघराण्याच्या जमिनी विकल्या. १६०३ मध्ये पहिला जेम्स गादीवर आला तो कर्जाचा वारसा घेऊनच. पुढची चाळीस वर्षं प्रत्येक पार्लमेंटमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत येतो : आधी पैसे की आधी दाद? राजा म्हणतो, आधी कर मंजूर करा, मग तुमच्या तक्रारी ऐकतो. सभासद म्हणतात, आधी तक्रारींची दाद, मग कर.

आता वही आडवी धरा आणि एका पानावर चार रकाने आखा : पार्लमेंट का बोलावलं, राजाने काय मागितलं, सभासदांनी काय मागितलं, शेवट कसा झाला. युद्धापूर्वीची पार्लमेंटं मोजून नऊ आहेत. जेम्सची चार (१६०४-११, १६१४, १६२१-२२, १६२४-२५) आणि चार्ल्सची पाच (१६२५, १६२६, १६२८-२९, एप्रिल १६४०, नोव्हेंबर १६४०). या नऊ ओळी स्वतः भरल्यात की कारणमीमांसा आपोआप दिसू लागते, कारण प्रत्येक ओळीचा शेवट पुढच्या ओळीचं कारण असतो.

नमुन्यादाखल काही ओळी भरून देतो. १६१० मध्ये 'ग्रेट कॉन्ट्रॅक्ट' नावाची योजना आली. राजाने सरंजामी येणी सोडायची, बदल्यात पार्लमेंटने दरवर्षी २ लाख पौंड द्यायचे. दोन्ही बाजूंना घासाघीस करता करता भीती वाटली आणि व्यवहार फिसकटला. ही ओळ सोडू नका. याच येण्यांचा सौदा १६६० मध्ये अखेर झाला, हे उत्तरात दाखवता आलं तर तुम्ही शतक एकसंध वाचलंय हे परीक्षकाला कळतं. १६१४ चं पार्लमेंट एकही कायदा न करता दोन महिन्यांत बरखास्त झालं. १६२५ मध्ये नव्या राजाला जकात आयुष्यभरासाठी देण्याची जुनी प्रथा मोडून कॉमन्स सभागृहाने ती फक्त एका वर्षासाठी द्यायचं ठरवलं. चार्ल्सला हा अपमान वाटला आणि त्याने मंजुरीशिवाय जकात घेणं चालू ठेवलं. १६२६ मध्ये सभासदांनी त्याच्या लाडक्या मंत्र्यावर, बकिंगहॅमवर, महाभियोग आणला, तेव्हा त्याला वाचवण्यासाठी चार्ल्सने सबसिडी हाती पडण्याआधीच पार्लमेंट मोडलं. तिजोरी रिकामीच राहिली, म्हणून सक्तीचं कर्ज आलं. कर्ज न देणाऱ्यांना तुरुंगात टाकलं, त्यातून १६२७ चा 'पाच सरदारांचा खटला' उभा राहिला. सरदारांचा प्रश्न साधा होता : आम्हाला कोणत्या आरोपाखाली डांबलंय? राजाचा खास हुकूम, एवढंच उत्तर मिळालं आणि त्यांना जामीन नाकारला गेला.

१६२८ चा पिटिशन ऑफ राइट, म्हणजे हक्कांचा अर्ज, या साखळीतून येतो. त्यातली चार कलमं पाठ हवीत : पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही, कारण न दाखवता कैद नाही, लोकांच्या घरात सक्तीने सैनिक ठेवायचे नाहीत, शांततेच्या काळात लष्करी कायदा नाही. बदल्यात पाच सबसिड्या मंजूर झाल्या. पण इथे एक चूक हमखास होते. 'या अर्जाने राजाच्या करवसुलीला आळा बसला' असं मुलं लिहून मोकळी होतात. आळा बसला नाही. जकात यात येतच नाही, असं चार्ल्स लगेच म्हणू लागला. २ मार्च १६२९ ला त्याने सभा तहकूब करायला सांगितली, तेव्हा डेंझिल हॉलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन यांनी स्पीकर फिंचला खुर्चीत दाबून धरलं, दार बंद केलं आणि तीन ठराव करून घेतले. त्यांतले दोन मंजुरीशिवाय घेतल्या जाणाऱ्या जकातीबद्दल होते, एक धर्मातल्या नव्या चालींबद्दल. त्यानंतर अकरा वर्षं पार्लमेंट नाही.

या अकरा वर्षांवर आणि त्यानंतरच्या दोन वर्षांवर तुमच्या उत्तराचा सर्वांत मोठा भाग खर्च करा. लढायांवर नको.

चार्ल्सने जुन्या कायद्यांची पोतडी उघडली. वर्षाला ४० पौंड उत्पन्न देणारी जमीन असूनही राज्याभिषेकाच्या वेळी 'नाइट' पद घ्यायला आला नाहीत, म्हणून दंड. तुमची शेतं जुन्या राजवनाच्या हद्दीत आहेत, म्हणून दंड. आणि मग जहाजपट्टी, म्हणजे शिप मनी. धोक्याच्या वेळी किनाऱ्यावरच्या गावांनी जहाजं किंवा त्यांचे पैसे द्यायचे, हा जुना रिवाज. १६३४ मध्ये तो किनाऱ्यापुरता लागू झाला, १६३५ मध्ये समुद्र कधी न पाहिलेल्या अंतर्भागातल्या परगण्यांवरही बसवला गेला आणि मग दरवर्षी येत राहिला. साधारण २ लाख पौंडांची ही वार्षिक आकारणी सुरुवातीला जवळजवळ पूर्ण वसूल होत होती. म्हणजे पट्टी कुचकामी नव्हती. ती चांगली चालत होती आणि म्हणूनच धोकादायक होती. ती रुजली असती तर राजाला पार्लमेंट बोलावायचं कारणच उरलं नसतं. जॉन हॅम्पडेनने २० शिलिंगांसाठी खटला लढवला, तो एवढ्यासाठी. १६३८ मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले, पाच विरुद्ध. राजा जिंकला, पण इतक्या निसटत्या बहुमताने की त्यानंतर पैसे न देणाऱ्यांना धीर आला. तुम्ही कायद्याच्या विद्यार्थिनी आहात, या खटल्याला स्वतंत्र परिच्छेद द्या. राजाच्या वकिलांचा मुद्दा नीट मांडा : देशावर संकट आलंय की नाही हे ठरवायचा अधिकार राजाचा आणि संकटात संमतीसाठी थांबता येत नाही. त्याला उत्तर असं होतं की हुकूम निघाल्यापासून जहाजं तयार होईपर्यंत जो सात महिन्यांचा अवधी दिला होता, तेवढ्यात पार्लमेंट आरामात बोलावता आलं असतं.

मग हे कोसळलं कशाने? इथे फक्त पैशावर विसंबलात तर उत्तर लंगडं पडेल. चार रकान्यांशेजारी पाचवा रकाना धर्माचा हवा. १६३७ मध्ये चार्ल्स आणि आर्चबिशप लॉड यांनी स्कॉटलंडवर नवी प्रार्थनापोथी लादली. एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये दंगल झाली, १६३८ मध्ये हजारोंनी 'नॅशनल कव्हेनंट'वर, म्हणजे आपला धर्म राखण्याच्या प्रतिज्ञेवर, सह्या केल्या आणि स्कॉट सैन्य उभं राहिलं. तिजोरीने चार्ल्सला दुबळं केलं होतं, पण लोक मरायला-मारायला तयार झाले ते नव्या पोथीआडून पोप-पंथ, म्हणजे कॅथलिक धर्म, परत येईल या भीतीने. ही दोन कारणं एकमेकांत कुठे अडकतात ती जागा दाखवा : प्रार्थनापोथीमुळे युद्ध आलं, युद्धाला पैसे लागले आणि पैशांसाठी एप्रिल १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावं लागलं. चार्ल्सने १२ सबसिड्या मागितल्या, बदल्यात जहाजपट्टी सोडायची तयारी दाखवली. सभासदांनी पुन्हा 'आधी दाद' म्हटलं. तीन आठवड्यांत पार्लमेंट मोडलं.

ऑगस्टमध्ये स्कॉट सैन्य न्यूकॅसलपर्यंत आलं. रिपनच्या तहाने त्यांना रोज ८५० पौंड द्यायचे ठरले. हा आकडा सोन्यासारखा जपा. ३ नोव्हेंबर १६४० ला भरलेलं लाँग पार्लमेंट चार्ल्स मोडू शकला नाही, ते याच्यामुळे. पैसे थांबले असते तर स्कॉट सैन्य पुढे सरकलं असतं आणि पैसे फक्त पार्लमेंट देऊ शकत होतं. म्हणून १६४१ मध्ये त्याने एकामागून एक कायद्यांना संमती दिली. निदान दर तीन वर्षांनी पार्लमेंट, चालू पार्लमेंट स्वतःच्या संमतीशिवाय बरखास्त होणार नाही, स्टार चेंबर आणि हाय कमिशन ही न्यायालयं रद्द, जहाजपट्टी बेकायदा. राजाचा खास मंत्री स्ट्रॅफर्ड याला १२ मे रोजी फाशी नव्हे, शिरच्छेद. अनेक नोट्समध्ये 'फाशी' लिहिलेलं असतं.

१६४१ च्या उन्हाळ्यात झगडा मिटू शकत होता. तो का मिटला नाही, हा खरा परीक्षेचा प्रश्न आहे. ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमध्ये उठाव झाला. तो मोडायला सैन्य हवं आणि ते सैन्य कोणाच्या हाती द्यायचं? राजाच्या हाती दिलं तर उद्या ते वेस्टमिन्स्टरवर, म्हणजे पार्लमेंटवरच, येईल अशी कॉमन्समधला विरोधी नेता पिम याच्या गटाला भीती होती. दुसरीकडे अनेक सभासदांना आता पिमचीच भीती वाटू लागली. नोव्हेंबरमधला ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स, म्हणजे राजाच्या कारभारावरच्या तक्रारींची लांबलचक यादी, १५९ विरुद्ध १४८ असा ११ मतांनी निघाला. 'राजा विरुद्ध पार्लमेंट' हे वाक्य यापुढे जपून वापरा. पार्लमेंट स्वतःच दुभंगलं होतं आणि राजाच्या बाजूने लढायला तयार झालेला पक्ष इथेच जन्मला. ४ जानेवारी १६४२ ला चार्ल्स शिपाई घेऊन पाच सभासदांना पकडायला सभागृहात गेला. ते आधीच निसटले होते. त्या सभासदांबद्दल विचारल्यावर, सभागृह सांगेल त्याखेरीज मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही, असं स्पीकर लेंथॉलने राजाला गुडघे टेकून सांगितलं. मार्चमध्ये पार्लमेंटने राजाच्या संमतीशिवाय मिलिशियाचा, म्हणजे परगण्यांतल्या नागरी सैन्याचा ताबा घेणारा, आदेश काढला. त्याला 'अॅक्ट' म्हणता येत नव्हतं म्हणून 'ऑर्डिनन्स' म्हटलं, हा फरक तुम्ही लिहायलाच हवा. २२ ऑगस्टला नॉटिंगहॅमला राजाचा झेंडा उभा राहिला.

लढाया चार ओळींत आटपा : एजहिल १६४२, मार्स्टन मूर १६४४, पार्लमेंटचं नवं सैन्य 'न्यू मॉडेल आर्मी' आणि नेझ्बी १६४५, प्रेस्टन १६४८. त्यापेक्षा हे लिहा की युद्ध चालवायला पार्लमेंटने दरमहा आकारणी बसवली आणि १६४३ मध्ये बिअरसारख्या रोजच्या वस्तूंवर अबकारी कर आणला. हा बोजा जहाजपट्टीपेक्षा कितीतरी जड होता. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

६ डिसेंबर १६४८ ला कर्नल प्राइडने सैन्याला नको असलेले सभासद दारातच अडवले. उरलेल्या 'रम्प'ने, लॉर्ड्स सभागृहाचा नकार डावलून, १३५ जणांचं न्यायालय नेमलं. मृत्युदंडाच्या हुकमावर ५९ सह्या आहेत. चार्ल्सने आरोपाला उत्तरच दिलं नाही, कोणत्या अधिकाराने माझा न्याय करता, एवढंच विचारत राहिला. कायद्याच्या अंगाने त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हतं आणि पुढच्या अकरा वर्षांना ते भोवलं. सैन्यावर उभी असलेली सत्ता सैन्याचा पगार भागवण्यासाठी कर लावत राहिली आणि क्रॉमवेललाही चार्ल्सचाच पेच पडला. १६५३ च्या लेखी राज्यघटनेप्रमाणे पार्लमेंट निदान पाच महिने चालायला हवं होतं. सभासदांनी सैन्यखर्चावर आणि घटनेवरच वाद घातला, तेव्हा क्रॉमवेलने महिने २८ दिवसांचे मोजले, जसा सैन्याचा पगार मोजला जाई, आणि २२ जानेवारी १६५५ ला सभा मोडली. १६५८ मध्ये तो गेला, मुलगा रिचर्ड सैन्याला सांभाळू शकला नाही, जनरल मंक स्कॉटलंडहून सैन्य घेऊन लंडनला आला आणि नव्या निवडणुकांतून आलेल्या सभेने दुसऱ्या चार्ल्सला बोलावलं. राजावरच्या प्रेमापेक्षा ठरावीक कायदा आणि हलका कर यांची ओढ यामागे जास्त होती.

पण तो कोणत्या राज्यावर परतला, हे नेमकं लिहा. १६०३ च्या नव्हे, १६४१ च्या. ज्या कायद्यांना त्याच्या बापाची संमती होती ते बहुतेक कायम राहिले. स्टार चेंबर आणि जहाजपट्टी परत आली नाही. सरंजामी येणी रद्द झाली, बदल्यात अबकारी उत्पन्न मिळालं, म्हणजे १६१० चा फसलेला सौदा पुरा झाला. पार्लमेंटने वर्षाला १२ लाख पौंडांचं उत्पन्न ठरवून दिलं, पण प्रत्यक्षात सुरुवातीला ते कमी भरायचं. १६६१ च्या विवाहतहात पोर्तुगालकडून मिळालेली मुंबई या राजाने १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने दिली, त्यामागे खर्चाचा हा ताण होताच.

दुसऱ्या चार्ल्सनंतर आलेला त्याचा कॅथलिक भाऊ दुसरा जेम्स, ही या हिशोबाची निर्णायक ओळ आहे. १६८५ मध्ये पार्लमेंटने त्याला जकात आणि अबकारी आयुष्यभरासाठी दिली. व्यापार भरभराटीला होता, तिजोरी भरली. गादीवर हक्क सांगणाऱ्या ड्यूक ऑफ मॉनमथच्या बंडानंतर त्याने जवळपास २० हजारांचं सैन्य ठेवलं. नोव्हेंबरमध्ये कॅथलिक अधिकाऱ्यांवरून कुरबूर झाली, त्याने पार्लमेंट तहकूब केलं आणि ते पुन्हा कधीच भरलं नाही. पैसे आयुष्यभरासाठी दिले की दाद मागायला जागा उरत नाही, हा धडा सगळ्यांनी तीन वर्षांत गिरवला. १६८८ चे प्रसंग तुमच्या नोट्समध्ये आहेतच : सात बिशपांची सुटका, राजपुत्राचा जन्म, ५ नोव्हेंबरला जेम्सचा डच जावई विल्यम याचं सैन्यासह टॉरबे इथे उतरणं, जेम्सचं पलायन. 'रक्तहीन' हा शब्द फक्त इंग्लंडपुरता वापरा. स्कॉटलंडमध्ये किलीक्रँकी आणि आयर्लंडमध्ये बॉइनची लढाई याच क्रांतीच्या पोटातली आहे.

बिल ऑफ राइट्सबद्दल कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून एक चूक होते. कायदा स्थगित करण्याचा राजाचा अधिकार त्यात सरसकट बेकायदा ठरवला, पण व्यक्तीविशेषाला कायद्यातून सूट देण्याचा अधिकार 'अलीकडे जसा वापरला गेला' तसाच बेकायदा ठरवला. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका. संमतीशिवाय कर नाही आणि शांततेत संमतीशिवाय खडं सैन्य नाही, ही कलमं सगळे लिहितात. त्याला जोडून १६९० चा निर्णय लिहा : नवे राजा-राणी विल्यम आणि मेरी यांना जकात दिली ती फक्त चार वर्षांसाठी. सैनिकी शिस्तीचा म्युटिनी अॅक्टही मुदतीचाच केला, पुन्हा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागेल असा. पार्लमेंट दरवर्षी भरू लागलं ते या मुदतींमुळे. आपल्या घटनेतलं 'कायद्याशिवाय कर नाही' हे अनुच्छेद २६५ आणि सभागृहातल्या भाषणस्वातंत्र्याचं अनुच्छेद १०५ यांचा उल्लेख इथे एका वाक्यात करा, त्याहून जास्त नको.

तारखांचं आता. इंग्लंडमध्ये तेव्हा कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे ३० जानेवारीचा शिरच्छेद त्यांच्या कागदात १६४८ चा, आपल्या हिशोबात १६४९ चा. १ जानेवारी ते २४ मार्चमधली कोणतीही तारीख दिसली की वर्ष तपासायचं, एवढा नियम पुरतो. हक्कांची घोषणा १३ फेब्रुवारी १६८९ ला वाचली गेली, म्हणजे जुन्या मोजणीत १६८८. तिच्यावरून केलेल्या कायद्याला राजसंमती १६ डिसेंबर १६८९ ची, तरी ब्रिटिश कायद्यांच्या अधिकृत यादीत तो १६८८ चाच गणला जातो. तुम्ही १६८९ लिहा. शिवाय इंग्लंडचं कॅलेंडर युरोपच्या १० दिवस मागे होतं, म्हणून डच किंवा फ्रेंच लेखनात विल्यम १५ नोव्हेंबरला उतरलेला दिसेल.

पंधरा गुणांच्या उत्तरात निम्मी जागा १६०३ ते १६४२ ला, सहावा भाग युद्ध ते १६६०, बाकी १६६० नंतरला. पहिलं वाक्य असं काहीसं घ्या : 'स्टुअर्ट राजांना पार्लमेंटशिवाय राज्य चालवता येईल इतकं उत्पन्न मिळू द्यायचं की नाही, हा सतराव्या शतकातल्या झगड्याचा गाभा होता.' पुढचा प्रत्येक परिच्छेद या वाक्याला बांधता आला नाही तर तो खोडा.

थांबायचं कुठे? १६८९ ला नको, १७०१ च्या अॅक्ट ऑफ सेटलमेंटला. चार्ल्सने १६२६ मध्ये सक्तीच्या कर्जाला मान्यता न देणाऱ्या सरन्यायाधीश क्रूला काढलं होतं. दुसऱ्या जेम्सने कायद्यातून सूट देण्याच्या अधिकारावरच्या १६८६ च्या गॉडन विरुद्ध हेल्स खटल्याआधी नको असलेले न्यायाधीश बदलले आणि बारापैकी अकरा मतं मिळवली. १७०१ च्या कायद्याने ही वाट बंद केली : वर्तन चांगलं असेतोवर न्यायाधीश पदावर राहील, काढायचं तर दोन्ही सभागृहांच्या मागणीनेच. हॅम्पडेनच्या खटल्यातल्या सात-पाचशी हे कलम जोडून दाखवा. आणि ते प्रत्यक्ष लागू झालं हॅनोवर घराणं आल्यावर, १७१४ मध्ये. ही तारीख लिहायला विसरू नका.